न दाखवलेली गाठ

आमच्या शुक्रवार पेठेत माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, बैलाच्या बाबतीत शिवप्पाला कोणी फसवू शकत नाही. दुसरी, शिवप्पाने डॉक्टरांशी सौदा केला आणि पोरीचं दुखणं वाढवून घेतलं. पहिली गोष्ट मी स्वतः कमावली आहे. बाप लवकर गेला. दुसऱ्यांचे बैल हाकत अक्कलकोटाकडून सोलापूरला चालत आलो, आणि पंधरा वर्षांत बाजारात माझ्या शब्दावर जोड्या विकल्या जाऊ लागल्या. दुसरी गोष्ट माझा मेहुणा मल्लप्पा सांगत फिरतो. त्याच्या तोंडून ती अर्धीच बाहेर पडते. उरलेली अर्धी मी इथे लिहितो. तिच्यात माझी बाजू आहे आणि माझी चूकही आहे. ज्यांच्या घरात एखादं मूल पाय ओढायला लागलं असेल त्यांनी चूक नीट वाचावी. बाजू नाही वाचली तरी चालेल.

चाल

सुगला माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा तिला अकरावं सरत आलं होतं.

उभा बैल माणसाला फसवतो, चालता बैल फसवत नाही. म्हणून मी जनावर आधी चालवून बघतो. त्या वर्षी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतला बैलबाजार उरकून घरी आलो आणि दारात उभा होतो. सुगला नळावरून कळशी घेऊन येत होती. डावा पाय टेकताना ती अंगाचा भार चटकन उजवीकडे टाकत होती. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात आलं नसतं. असं जनावर मी दुसऱ्यांदा बघत नाही.

"लागलंय का गं कुठं?"

"न्हाय की अप्पा. गुडघ्याच्या वर जरा ठणकतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

बायको, काशीबाई, आतून म्हणाली, "वाढतं अंग हाय. माजंबी असंच दुकायचं." मी मान हलवली. मला ते पटलं नव्हतं, पण पटवून घेतलं.

त्याच आठवड्यात काशीबाईने सुगलाच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा बदलायला घेतला. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. दोरा बदलतानाही लिंग तळहातावर धरून ठेवायचं असतं. सुगला ते धरून बसली होती. काशीबाईची बोटं तिच्या मानेवर फिरता फिरता थांबली. डाव्या बाजूला, जबड्याखाली, सुपारीएवढ्या दोन गाठी होत्या.

"दुखतात का गं?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग काही नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल. न दुखणाऱ्या गाठीची जास्त काळजी करावी, हे मला पुढे एका नर्सने सांगितलं.

काही नाही असं म्हणालो, पण गाठी झाकल्या. त्याला कारण होतं. सुगलाची सोयरीक अक्कलकोटाकडच्या एका घरात जवळजवळ ठरली होती. मानेवर गाठी म्हटल्यावर लोक गंडमाळ, म्हणजे गळ्याचा क्षय, म्हणणार, आणि गंडमाळेची पोर कोणी पदरात घेत नाही. काशीबाईने लेप लावला आणि वरून रुमाल बांधला. शेजारणींनी विचारलं तर सर्दी झाली म्हणायचं असं ठरलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिऱ्हाईकाने विचारलेल्या खोडीबद्दल खोटं बोलायचं नाही, आणि न विचारलेली खोड आपणहून सांगायची नाही. हा नियम मी पंधरा वर्षं इमानाने पाळला. दवाखान्यात जाताना तो घरी ठेवून जावा, हे मला सुचलं नाही.

प्लास्टर

पहिल्या डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि रागात नाव लिहिलं तर पुढचं वाक्य बरं येणार नाही.

त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, मांडी दाबली, सुगला ओरडली. हात धुता धुता ते म्हणाले, "हाडाचा क्षय आहे. मुलांमध्ये फार दिसतो. पाय हलू द्यायचा नाही." कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टर घातलं. माशाचं तेल सांगितलं. आमचं घर शाकाहारी, कधी शिवलेलंही नाही असं तेल. तेसुद्धा पोरीने नाक दाबून घेतलं.

उन्हाळा लागला. सोलापूरचा उन्हाळा आणि पायाभोवती ते पांढरं ओझं. आत खाज सुटायची तेव्हा ती तुरीची काटकी घालून खाजवायची. काटकी तुटून आत राहिली की रडायची. डॉक्टर पंधरवड्याने येत, कलिंगड पाहावं तसं प्लास्टरवर बोटांनी टकटक करत आणि जात. चार महिने. त्या चार महिन्यांत त्यांनी एकदाही तिच्या गळ्याचा रुमाल सोडायला सांगितलं नाही. उन्हाळ्यात पोरीच्या गळ्याला रुमाल कशासाठी, एवढंही विचारलं नाही.

मल्लप्पाने मात्र विचारलं. तो येऊन तिच्याजवळ बसला, उठला, आणि मला पडवीत घेऊन गेला.

"दाजी, गळ्याचं सांगितलंत न्हवं डाक्तरला?"

"त्यांनी विचारलं नाही."

"ते इचारत्याल कसं? त्यास्नी सपान पडतंय व्हय?"

"पाय दाखवायला नेली होती. पाय दाखवला."

"आवं दाजी, त्यो डाक्तर पोरगी इकत घ्यायला आलाय का?"

मी त्याला घराबाहेर काढलं. मोठ्याने बोललो, गल्लीने ऐकलं. तो तेव्हापासून बोलतो आहे तो याच दिवसाच्या जोरावर. त्याचं बरोबर होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाने ते दारोदार सांगत हिंडावं का, हा माझा प्रश्न अजून शिल्लक आहे.

चौथ्या महिन्यात तिला रोज दुपार कलली की कणकण भरू लागली. प्लास्टर कापलं तेव्हा पिंढरी काठीसारखी झाली होती आणि गुडघ्याच्या वर मांडी फुगून तकतकीत दिसत होती. हात ठेवला तर गरम. डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली. मग म्हणाले, "मिशनच्या मोठ्या दवाखान्यात न्या. त्यांच्याकडे हाडाचा फोटो काढायचं यंत्र आहे." मी त्यांच्या व्हरांड्यात एवढा ओरडलो की बसलेले पेशंट उठून उभे राहिले. सुगला बाकावर बसून होती. घरी येताना टांग्यात म्हणाली, "अप्पा, तुमी वरडला की माजा पाय जास्त दुकतोय."

काळा फोटो

रेल्वेने मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथली रीत आधी सांगतो, कारण अनेकांना त्याचीच भीती वाटते. पहाटे घंटा होते, प्रार्थना होते, मग तोंडात काच ठेवून ताप बघतात. कुणाला बाटवत नाहीत. आवारात रोग्यांच्या नातेवाइकांसाठी चुलींची शेड आहे. काशीबाईने तिथे चूल मांडली, भाकरी आणि शेंगाची चटणी केली, आणि दोन दिवसांत शेजारच्या तीन चुलींवर तिची चटणी पोचली. सगुणाबाई नावाची एक नर्स होती, बार्शीकडची, चाळिशीची. ती रोज सुगलाची वेणी घालायची. अशा जागी तेवढंही पुरतं.

फोटोची खोली अंधारी. सुगलाला थंड फळीवर निजवलं, यंत्र घरघरलं, आणि झालं. दुखत नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी तो काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. साहेब परदेशी, पण मराठी बोलत, शाळेच्या पुस्तकासारखं. मला हाडाचं काही कळत नाही, लाकडाचं कळतं. गाडीच्या जुवाला आतून वाळवी लागली की वरचा पापुद्रा तेवढा शाबूत राहतो. हाड तसं दिसत होतं.

"हा क्षय नाही," साहेब म्हणाले. "ही हाडात वाढणारी गाठ आहे. पाय मांडीच्या वरच्या भागापासून कापावा लागेल."

मग ते सुगलाकडे गेले. डोळे पाहिले, छाती ऐकली. रुमालाकडे बोट करून मला विचारलं, "गळ्यास काय झाले आहे?"

विचारलं. इथे माझ्या धंद्याच्या नियमाप्रमाणेही मला खरं सांगायला हवं होतं. पण मनात आलं, पाय तर जातोच आहे, वर गळ्याचंही कळलं तर हे तिला घेणारच नाहीत. क्षयाच्या रोग्यांना वेगळ्या वॉर्डात टाकतात, आईबापांनाही भेटू देत नाहीत, असं शेडमध्ये कुणीतरी बोललं होतं.

"साहेब, ते देवाचं आहे," मी म्हणालो. "आमच्यात सोडत नाहीत."

रुमालाखाली लिंग होतंच. शब्द खोटे नव्हते. साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला, मान लववली आणि दुसरं बोलू लागले. माझ्या देवाचा त्यांनी जेवढा मान ठेवला तेवढा मी ठेवला नाही.

नंतर मी सौद्याला बसलो. मल्लप्पा म्हणतो ते इथलं.

"साहेब, गुडघ्यापासून कापा. मांडी ठेवा."

"गाठ गुडघ्याच्या वर आहे."

"मग गाठीपासून चार बोटं वर. पुढे लागलं तर पुढे बघू."

"एक वेळ कापणे बरे. दोन वेळ कापणे वाईट."

"एक महिना थांबा तरी."

"तुम्ही थांबू शकता," ते म्हणाले. "रोग थांबणार नाही."

मी तीन दिवस नाही म्हणालो. चौथ्या दिवशी सकाळी सुगलाने दुखण्याच्या भरात उशीची खोळ दातांनी फाडली. मी संमतीच्या कागदावर सही करून आलो.

मूठ

शस्त्रक्रियेच्या सकाळी सगुणाबाई तिला तयार करायला आली. गुंगीचं औषध देताना श्वास मोकळा लागतो, म्हणून गळ्यात काही ठेवत नाहीत.

"हे सगळं काढायचं, बाळा."

"लिंग काडत न्हाईत," सुगला म्हणाली.

मी पुढे झालो. सगुणाबाईने मला हाताने थांबवलं आणि तिलाच विचारलं, "हातात धरलेलं चालतं का?"

"दोरा बदलताना धरत्यात."

"मग धर. मूठ मीट. ती मूठ मी उघडणार नाही, साहेबांनाही उघडू देणार नाही. झालं?"

सुगलाने लिंग तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. सगुणाबाईने रुमाल सोडला. मग तिची बोटं थांबली, काशीबाईची थांबली होती तशीच. आता दोन गाठी नव्हत्या. जबड्यापासून गळ्याच्या हाडापर्यंत माळ ओवल्यासारख्या पाच होत्या.

"हे कधीपासून?"

"माघापासून."

"साहेबांनी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला उलटून बोलता आलं असतं. तिने सुगलाच्या अंगावर चादर घातली आणि साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी मान चाचपली, काख चाचपली, मग पोटावर डाव्या बाजूला बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. हात धुवून म्हणाले, "आज शस्त्रक्रिया नाही."

मानेतली एक गाठ काढून मुंबईला तपासायला पाठवली. पुन्हा फोटो काढले, या वेळी कमरेचे, पाठीचे, छातीचे. उत्तर यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत काशीबाई माझ्याशी फक्त मीठ आहे का, सरपण आहे का, एवढंच बोलली.

पाय राहिला

साहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं.

"पाय कापण्याची आवश्यकता नाही," ते म्हणाले.

मी हात जोडले. काशीबाईकडे पाहिलं. खरं सांगतो, मनात आलं, बघ, धरून बसलो म्हणून पाय राहिला.

"तुम्ही आनंद करू नका," साहेब म्हणाले. त्यांनी कमरेचा फोटो खिडकीला लावला. उजव्या खुब्याजवळ नखाएवढा डाग होता, तसाच, आतून पोखरलेला. तिथे तिला अजून दुखतही नव्हतं. "दुखणे पायाचे नाही. शरीरात ज्या लहान ग्रंथी असतात त्यांचा हा कर्करोग आहे. मानेत दिसला तो पहिला. तेथून हाडात आला. एका हाडात असता तर मी कापले असते. आता काय काय कापू?"



"माघात दाखवलं असतं तर?" मी विचारलं.

काहीच फरक पडला नसता, असं ते म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. दुसरा एखादा डॉक्टर म्हणालाही असता.

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. मी अजून ते तीन शब्द चघळतो आहे.

किरण

मुंबईला एका मोठ्या इस्पितळात किरणांचे उपचार होतात, तिथे चिठ्ठी घेऊन गेलो. फोटोचेच किरण, पण जास्त जोराचे. पायावर, मानेवर, खुब्यावर. कातडी काळवंडली, ओकाऱ्या झाल्या, कानामागचे केस गळाले. पण पाचव्या दिवशी ठणका थांबला. तिसऱ्या आठवड्यात मानेवर हात फिरवला तर गाठ लागेना. कशी विरली कोण जाणे. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा रोग असा विरतो आणि परत येतो. केव्हा येईल ते ठाऊक नाही. काहीही नवीन दिसलं, दुखलं, की पत्र टाका, आम्ही विचारायची वाट बघू नका.

सोलापूरला आल्यावर पहिलं काम मी सोयरिकीच्या घरी निरोप पाठवायचं केलं. सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट. न विचारता खोड सांगण्याची माझी ती पहिली वेळ. ती माणसं सभ्य होती. मुलाच्या आजीला यंदा लग्न नको आहे, असं त्यांनी कळवलं.

सुगला चालू लागली. गल्लीतून, दोन्ही पायांवर. लोक थांबून बघत. मल्लप्पाने तिला कडेवर उचलून मारुतीपर्यंत नेलं आणि परत येताना चार जणांना सांगितलं, "माजं ऐकलं असतं तर मुंबई बगायची पाळी आली नसती." मी पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. मानेचं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं नाहीत." मी म्हणालो, "तुम्ही विचारलं नाहीत." दोघेही खरं बोलत होतो. त्या खऱ्याचा सुगलाला उपयोग नव्हता. तरी मी तुम्हाला सांगतो, डॉक्टर पायाचा असो की पोटाचा, मूल त्याच्यासमोर उघडं करून उभं करा. तो कंटाळला तर कंटाळू दे. तो पुढच्या पेशंटला हाक मारत असेल तरी तुमचं सांगून संपवा.

चार महिने बरे गेले.

गेल्या सोमवारी सकाळी ती जात्यापासून उठताना मी पाहिली. तिने उजवा हात जमिनीला टेकला. मग जात्याला. मग उठली.

"कंबर दुखते?"

"न्हाय."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने आत, काशीबाईच्या दिशेने पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, अव्वाला सांगू नका. आट दिस झालं. आपोआप जातंय बगा. सगळं कुटं सांगत बसायचं?"

हे तिने कुणाकडून घेतलं ते मला विचारावं लागलं नाही. मी काशीबाईला हाक मारली आणि तिच्यासमोर सांगितलं. सुगला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आज दुपारी मी मुंबईच्या डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो. सुगला येऊन समोर बसली. मी लिहिता लिहिता मोठ्याने म्हणून दाखवत होतो. कंबर, उजवी बाजू, आठ-दहा दिवस. दुपारनंतर कणकण, तीन दिवस. जेवण कमी. मानेवर मी स्वतः हात फिरवून पाहिला, डावीकडे एक, हरभऱ्याएवढी.

"झालं लिवून?" तिने विचारलं.

"झालं. खाली सही करतो."

"थांबा," ती म्हणाली. तिने परकराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. "काखेतबी हाय. डाव्या. मोठी हाय. दिवाळीच्या आदीपासनं हाय अप्पा, मीच सांगितलं न्हाय."

मी तेही लिहिलं.